भारी वजन, पंधरा फेऱ्या

मुष्टियुद्धाच्या इतिहासावर माझ्यासमोर कुणी तोंड उघडायचं नाही! कुठल्या काळात कुठल्या वजनगटात कोण गाजला, झोपेतून उठवून विचारा! बायको म्हणते, "एवढं वाणसामान लक्षात ठेवलं असतं तर!" तिचं सोडा.

मी पेन्शनच्या खिडकीवर कारकून. वीस वर्षांत कुणाचा फुकट चहासुद्धा घेतला नाही. त्या दिवशी ऐन कामाच्या वेळी मेव्हण्याचा फोन आला. तो कशाला उचलला, असं अजून वाटतं! त्याला हल्लीचे हलक्या वजनाचे गडी आवडतात. माझं डोकंच सणकलं.

"हलकं वजन? हट्! मला भारीच लागतं!"

तो काहीतरी कुरकुरला.

"अरे, जुना काळच बरा! तेव्हा आठच वजनं होती, आता सतरा करून ठेवलीत! आणि फेऱ्या पंधरा असायच्या. आता बारा फेऱ्यांत सुटतात लेकाचे! माणूस आडवा झाल्याशिवाय काय मजा?"

फोन ठेवला, तर खिडकीत माझे शाळेतले गणिताचे मास्तर! हातात हयातीच्या दाखल्याचा अर्ज. त्यांनी सगळं ऐकलं होतं!

"आजची चौथी फेरी," मास्तर म्हणाले. "तुझी खिडकी आहे कळलं, म्हटलं आपला पोरगा आहे." अर्जाची घडी घालून ते निघालेच!

मी मागे धावलो. "सर, ते मुष्टियुद्धाचं होतं! ठोसे! हे असे!" भर व्हरांड्यात मी हवेत दोन ठोसे मारले. झालं! दोघांनी मला मागून आवळलं. "म्हाताऱ्यावर हात उचलतो!" रांगेतल्या बाई किंचाळल्या, "मी ऐकलंय, फाइलवर भारी वजन मागत होता!" गलका ऐकून साहेब बाहेर.

मास्तर मध्ये पडले. "सोडा त्याला. ठोसेच दाखवत होता. माझा विद्यार्थी आहे, तसला नाही."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. पाच मिनिटांत शिक्का मारून दाखला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नीट वाचला, खिशात ठेवला आणि इकडेतिकडे बघत एक पाकीट माझ्या रजिस्टरखाली सरकवलं.

"सर, हे काय?"

"साहेबांसमोर सांभाळून घेतलं रे तुला," ते पुटपुटले. "पण भारी नाही जमलं, बाळा. एवढंच आहे. चालवून घे."