एका तासात बारा मिनिटे

माणूस नोकरी लागावी म्हणून शिकतो, आणि नोकरी लागली की पहिल्याच दिवशी त्याला सांगतात, शिकलास ते विसर. मधली वर्षे अशी वाया जाऊ नयेत म्हणून आमच्या विद्यापीठाने रोजगारक्षमता अंतर्भाव कक्ष काढला. प्रत्येक प्राध्यापकाने, विषय कोणताही असो, साठ मिनिटांच्या तासात किमान बारा मिनिटे रोजगारक्षमता शिकवावी, असा ठराव झाला. बाराच का, हे मी विचारले. ‘दहा कमी वाटतात आणि पंधरा जास्त,’ असे कक्षप्रमुखांनी सांगितले. विज्ञानाचा पदवीधर म्हणून मला ही पद्धत समाधानकारक वाटली.

प्राध्यापकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा झाली. प्रशिक्षकांना नोकरीचा दांडगा अनुभव होता. त्यांनी सहा नोकऱ्या केल्या होत्या (प्रत्येकी सरासरी सात महिने). त्यानंतर मोजणीसाठी एक निरीक्षक नेमण्यात आला. तो मी.

काम सोपे होते. शेवटच्या बाकावर बसायचे. शिक्षकांनी यादीतल्या एकतीस शब्दांपैकी एखादा उच्चारला (टीमवर्क, लीडरशिप, संवादकौशल्य इत्यादी) की स्टॉपवॉच सुरू करायचे, मूळ विषय पुन्हा सुरू झाला की थांबवायचे.

आत्याने विचारले, “म्हणजे तू नक्की करतोस काय?”

“पोरांना नोकरी कितपत लागेल ते मोजतो.”

“आणि तुझी नोकरी?”

“अकरा महिन्यांची आहे.”

“मग आधी स्वतःला मोज की रे!” असे म्हणून ती हसत आत गेली. घरच्यांना कार्यपद्धती समजावणे अवघड असते.

प्राध्यापकांनी मात्र मनापासून सहकार्य केले. रसायनशास्त्राचे सर म्हणाले, “आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की दोघांचाही स्वभाव जातो. यालाच टीमवर्क म्हणतात.” (चार मिनिटे.) इतिहासाच्या सरांनी एका पराभूत राजाच्या बायोडाटातल्या उणिवा काढल्या. (नऊ मिनिटे.) तत्त्वज्ञानाचे सर बारा मिनिटे नुसते गप्प बसले. ते श्रवणकौशल्यात धरले.

अडचण एकच होती. खगोलशास्त्राच्या मॅडम, ज्यांना सगळे ताऱ्यांच्या मॅडम म्हणतात, त्यांच्या पहिल्या दोन मोजण्या शून्य आल्या. तिसरे शून्य आले की त्यांचा एकोणीस वर्षे चाललेला विषय बंद, आणि मॅडमकडे ‘प्रभावी ईमेल लेखन’. मी त्यांचाच विद्यार्थी. तिसऱ्या मोजणीच्या सकाळी त्यांना व्हरांड्यात गाठले.

“मॅडम, नुसतं एकदा टीमवर्क म्हणा ना. पुढचं मी बघतो.”

“कुणाशी टीमवर्क? मेलेल्या ताऱ्याशी?”

“मॅडम, प्लीज. ईमेल शिकवावं लागेल तुम्हाला.”

“ते मला येतं रे. तेच तर वाईट आहे.”

तरी वर्गात शिरताच त्या माझ्याकडे बघत, औषध गिळावे तसे म्हणाल्या, “टीमवर्क.” मी बटण दाबले.

मग त्यांनी एका विझलेल्या ताऱ्याची घनता फळ्यावर काढली. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, मागच्या आठवड्यात याच ताऱ्याची घनता आठपट होती.”

“काहीतरीच काय!”

“वहीत आहे ना मॅडम, तुमच्याच आकड्यात.”

“मग ये इथे. दाखव.”

ती फळ्यापाशी गेली. अर्धा वर्ग मॅडमच्या बाजूने, अर्धा मुलीच्या. दोनदा फळा पुसला. एकतिसाव्या मिनिटाला सापडले: त्रिज्येच्या जागी व्यास घेतला होता. मॅडमनी हातातला खडू तिला देऊन टाकला. “मी चुकले. तू पुढे सोडव, मी बसते.” आणि खरोखरच पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.

घंटा झाली तेव्हा माझ्या लक्षात आले, स्टॉपवॉच चालूच होते. सत्तावन्न मिनिटे. विद्यापीठाचा विक्रम.

थांबवायचे राहून गेले, असे मी अहवालाच्या समासात प्रामाणिकपणे लिहिले. पण फॉर्मला शेऱ्याचा रकाना नसल्याने ते कुणी वाचले नाही. खात्री करण्यासाठी कक्षाने गावातल्या एका पंख्यांच्या कारखान्याच्या मालकांना पुढच्या तासाला बसवले. त्या मुलीने त्याही तासाला एक चूक काढली. मालक भारावले. “अगदी अशी माणसं हवी आहेत आम्हाला!” त्यांनी तसे पत्र दिले आणि मॅडमचा विषय तीन वर्षांसाठी वाचला. मी पेढे वाटणार होतो, पण निरीक्षकाने तटस्थ राहायचे असते.

लगेच परिपत्रक निघाले: सर्व विषयांच्या शिक्षकांनी एकतिसाव्या मिनिटाला एक चूक कबूल करावी. चुकीचा मजकूर आठ दिवस आधी मंजूर करून घ्यावा. ती शोधणाऱ्या विद्यार्थ्यांची पाळी लावावी. रसायनशास्त्राच्या सरांची एकदा बाराव्या मिनिटालाच खरी चूक झाली. मंजूर यादीत नसल्यामुळे त्यांनी ती मानली नाही.

पुढे ती मुलगी त्याच कारखान्यात मुलाखतीला गेली. मालकांनी नव्या पंख्याचा तक्ता दाखवला: जुन्यापेक्षा वीज निम्मी, वारा दुप्पट.

तिने विचारले, “सर, दोन्ही पंख्यांचा वारा एकाच अंतरावरून मोजलाय ना?”

मालकांनी तक्ता गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, “कळवतो.”

सात महिने झाले. (मुलगी मजेत आहे. ती मॅडमकडेच संशोधन करते आणि दोघी दिवसभर भांडतात.)

वाचक मालकांवर चिडले असतील, आणि ते योग्यच आहे. पण एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून मी चाळीस वरिष्ठांची पाहणी केली. चूक दाखवणारी माणसे हवीत का? चाळिसांपैकी चाळीस: हो. तुमची शेवटची चूक कुणी दाखवली? एकोणचाळीस: अजून तशी वेळ आलेली नाही. एक: त्याची बदली झाली.

एक्केचाळिसावा फॉर्म कोरा आहे. तो आपण भरावा. आपल्या हाताखाली कुणी नसेल, तर घरातल्या माणसांना धरून भरला तरी चालेल. मात्र भरून झाल्यावर त्यांना दाखवू नये. ते दुरुस्त्या सुचवतील.