भरमूची चिंचाक्का

भरमूनं झाडाला कान लावला की झाड त्याच्याशी बोलतं, असं निपाणी-संकेश्वर सडकेच्या दोन्ही अंगांची माणसं म्हणत. म्हणजे भरमू म्हणे, आणि बाकीची माणसं माना हलवत. हलवणार नाहीत तर काय! वाळवी लागलेला आंबा वाचवायचा असो, नाहीतर विहिरीवर कललेला वड विहिरीचा दगड न हलवता पाडायचा असो, पंचक्रोशीत त्याच्याशिवाय दुसरा माणूस नव्हता. तो कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं खोडावर दोन टोले हाणायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा.

"मान्साची नाडी वैद्य बगतो, झाडाची मी," असं तो चारचौघांत सांगायचा. झाडांच्या बाबतीत आपलं कधी चुकत नाही, हेही वर ऐकवायचा.

असा हा झाडांचा वैद्य स्वतः राहायचा कुठं, तर गावाच्या टोकाला, सडकेकडेच्या एका जुन्या चिंचेखाली. चिंच गावठाणातली, पण तिची अर्धी सावली भरमूच्या घरावर. त्यानं जन्मभर लोकांची झाडं उतरवून नुकतंच घरावरचं गवत काढलं होतं आणि मंगळुरी कौलं चढवली होती. गावात पाटलाच्या खालोखाल तीच कौलं. रोज सकाळी दात घासता घासता तो कौलांकडं बघायचा आणि चूळ भरायची विसरायचा.

चिंचेच्या बुंध्याशी आळंब्याचे तीन तपकिरी थर फुटले होते, एकावर एक, ताटाएवढे रुंद. दुसऱ्या कुणाच्या झाडाला असली आळंबी दिसली असती तर भरमूनं टोलासुद्धा न हाणता सांगितलं असतं की झाड पोटातून गेलं, आठ दिवसांत पाडा. पण माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. भरमूनं टोले हाणले, डोळे मिटले आणि झाड ठणठणीत असल्याचं बायकोला सांगून टाकलं.

ते लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशावर धावत होत्या. मागच्या अंगाला शेगडी लावलेली मोटार धूर ओकत जायची आणि कोळशाला सोन्याचा भाव आला होता. अशात संकेश्वरचा गुंडाप्पा कंत्राटदार गावात आला, चिंचेभोवती एक फेरी मारली आणि आण्णाप्पा पाटलाच्या ओसरीवर जाऊन बसला. तो उठला तेव्हा चिंच त्याची झाली होती.

नागुबाईनं, भरमूच्या बायकोनं, डोळ्यांना पदर लावला. तिला मूलबाळ नव्हतं. त्यामुळं ओटी भरायला, बारशाला तिला कुणी बोलवत नसे. बोलावलंच तर कोपऱ्यात बसवत. तिच्या हक्काचं असं जगात हे एकच झाड होतं. त्याच्या सावलीत ती दिवस काढायची आणि चिंचा फोडून निपाणीच्या बाजारात न्यायची.

"रडू नगंस," भरमू म्हणाला. "कुणाला बोट न लावता झाड वाचवून दावतो."

त्यानं बेत कुणालाच सांगितला नाही, बायकोलाही नाही. पहाटे उठला, आळंब्याच्या वरच्या थराला भंडारा फासला, मधल्याला कुंकू लावलं, खालच्यावर लिंबू ठेवलं आणि परत येऊन घोरू लागला. उजाडता उजाडता पाण्याला निघालेल्या शेजारच्या राजाबाईनं ते पाहिलं आणि घागर तिथंच टाकून गावभर बोंब केली. चिंचेतून देवी उगवली होती!

गुंडाप्पाची माणसं करवती घेऊन आली आणि हात जोडून परत गेली. भरमू दिवसभर गालात हसत होता. त्या दिवसापुरती देवीही त्याच्यावर प्रसन्न असावी.

पण देवी एकदा उगवली की ती काय एका दिवसासाठी उगवते? मंगळवारी शेजारच्या गावची माणसं आली. शुक्रवारी बोरगावची गाडी आली. देवीचं नाव चिंचाक्का पडलं. देवी भरमूच्या दाराशी, म्हणून पूजेला नागुबाई बसली. जिला बारशाला कोपऱ्यात बसवत, तिच्या पायांवर आता लोक पोरंबाळं घालू लागले. राजाबाईच्या सुनेची ओटी नागुबाईच्या हातानं भरली गेली. ती 'आक्का' झाली. लग्न झाल्यापासून भरमूनं तिची मान एवढी ताठ पहिल्यांदाच पाहिली.

आणि भक्ती म्हणजे काय, तर पाणी! सकाळी घागरी, दुपारी आंबील, संध्याकाळी दूध, सगळं बुंध्यावर. नवस बोलायचा तर खोडात खिळा ठोकायचा. फेडायचा तर दुसरा ठोकून घंटा टांगायची. खोडाच्या भेगेत तेलाचे दिवे जळत राहायचे. शंभर वर्षांचं झाड मारायचं कसं, असं कुणी भरमूला विचारलं असतं तर त्यानं हीच कृती सांगितली असती, फक्त इतकी मन लावून कुणी करील असं त्याला वाटलं नसतं. आळंबी ओलाव्यावर माजली. तिनाचे सात थर झाले. गावानं गुलाल उधळला, देवीचा परिवार वाढला म्हणून.

सगळे नैवेद्याच्या पोळ्या खाऊन पांगल्यावर भरमूनं हळूच टोला हाणला. आवाज आला तो रिकाम्या कणगीचा. त्यानं दुसरीकडं हाणला. तिथंही तसाच. मग त्यानं वर पाहिलं. एक जाडजूड फांदी थेट त्याच्या कौलांवर हात पसरून उभी होती.

तो तडक संकेश्वरला गेला आणि गुंडाप्पाच्या पाया पडला. झाड फुकट न्या, वर मी स्वतः पाडून देतो, म्हणाला. गुंडाप्पानं दोन्ही हात कानांना लावले.

"ब्याडप्पा, ब्याड," तो कानडीत म्हणाला, आणि मग भरमूला कळावं म्हणून मराठीत, "नगं बाबा, नगं. माझ्या सुनंला तुमच्या चिंचाक्कामुळं दिवस ऱ्हायल्यात. मी न्हाय कुऱ्हाड लावणार."

आता उरला एकच उपाय. झाड पडायचं तर पडू दे, पण सडकेकडं पडू दे. त्यासाठी घराकडची फांदी उतरवून तिकडचा भार कमी करायला हवा होता. पण ती सरळ तोडली तर कौलांवरच येणार. दोरानं बांधून सडकेच्या अंगाला झुलवत आणायची तर आधी त्या अंगाची फांदी काढून वाट करायला हवी. काम साधं होतं. गाव बाजाराला गेल्याचं बघून भरमू भरदुपारी चढला, सडकेकडची फांदी साफ उतरवली, आणि दोर घेऊन घराकडच्या फांदीला हात घालणार तोच खालून किंकाळी आली. नागुबाई बाजाराहून परतली होती, मागं माणसं घेऊन.

"देवीची जट कापली!"

या मुलखात यल्लम्माची जट म्हणजे काय, हे सांगायला नको. बाईच्या केसात तो गुंता आला की देवीनं तिला मागितलं असं मानतात, आणि त्याला कात्री लावायची कुणाची छाती होत नाही. चिंचाक्काच्या फांद्या म्हणजे तिच्या जटा, हे गावानं कधीच ठरवून टाकलं होतं. भरमूला दोरासकट खाली उतरवून चावडीत नेलं. घराकडची फांदी जिथल्या तिथं राहिली आणि तिला तोलून धरणारी फांदी मात्र जमिनीवर पडली. झाडाचा सगळा भार आता भरमूच्या घराकडं होता, आणि ते त्या चावडीत फक्त त्यालाच कळत होतं.

घर जाताना दिसलं की माणूस अब्रूची पर्वा करत नाही. भरमूनं सगळं सांगून टाकलं. देवी-बिवी काही नाही, ते आळंबं आहे, कुजक्या लाकडावर उगवतं, भंडारा मी फासला, कुंकू मी लावलं.

"पाटील, या हातानं लावलंय जी," तो म्हणाला.

आण्णाप्पा पाटलानं शांतपणे तंबाखू मळली.

"हात तुजाच व्हता रं भरमू. पर बुद्धी कुणी दिली?"

चावडीनं माना डोलावल्या. भरमूनं आशेनं नागुबाईकडं पाहिलं. ती बायकांच्या पुढं बसली होती आणि जमिनीकडं बघत होती. देवीवर कुऱ्हाड धरल्याबद्दल पंचांनी शिक्षा दिली: देवीला पार बांधायचा, स्वतःच्या हातांनी.

मग झाडांच्या वैद्यानं ओढ्यातून दगड वाहिले, बुंध्याभोवती रचले, आळंब्यापुढं तेवढा कोनाडा ठेवला आणि मधे माती भरली. झाडाच्या गळ्यापर्यंत माती भरली की बुंधा श्वास कोंडून कुजतो, हे तो वर्षानुवर्षं लोकांना बजावत आला होता. आता प्रत्येक पाटी ओतताना तो हेच पुटपुटायचा आणि येणारेजाणारे म्हणायचे, बघा, नाम घेतोय. त्यानं बायकोला विनवलं की निदान झोपायला तरी गोठ्यात जाऊ. तिनं देवीला सोडून जायला साफ नकार दिला. त्यामुळं तोही कौलांखालीच पडून राहायचा, डोळे उघडे ठेवून.

आणि एका दुपारी, ना वारा ना वळीव, चिंच पडली. नागुबाई अभिषेकाचं पाणी आणायला विहिरीवर होती, भरमू शेवटच्या दगडासाठी ओढ्यात होता, म्हैस दावं तोडून पळाली होती. तो धावत आला तेव्हा मंगळुरी कौलांचा लाल चुरा अंगणभर पसरला होता. आढं मोडून खोड घरात आडवं झालं होतं आणि आळंब्याचे सातही थर नेमके चुलीपाशी येऊन टेकले होते.

गाव जमलं. दुसऱ्या कुणाच्या घराला ओरखडाही नव्हता. जट कापणाऱ्याचं घर तेवढं गेलं होतं. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? आता तर चिंचाक्काबद्दल ज्यांना थोडा संशय होता, तेही लोटांगण घालू लागले. देवीनं भरमूचं घर मागून घेतलं, असा पाटलानं निवाडा दिला. घराचं आता देऊळ झालं, त्यातून लाकूड हलवायचं नाही. भरमूनं कुऱ्हाड मागितली तर चौघांनी त्याचा हात धरला. उभ्या पंचक्रोशीची झाडं पाडणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात पडलेलं झाड त्याला तोडता येईना!

तो गोठ्यात राहू लागला. चार दिवसांनी, माणसांची रांग लागायच्या आत, तो मोडक्या उंबऱ्याशी गेला. आत नागुबाई आळंब्याला कुंकू लावत होती. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं.

"नागू, लोकं खुळी हायत," तो म्हणाला. "पर तुला तरी मी खोटं कशाला सांगीन? तिथं देवी न्हाय गं. त्या पहाटे मीच फासलं व्हतं."

तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"ठाव हाय मला. मी जागीच व्हते," ती म्हणाली. "वहाणा भाईर काडा. माणसं याय लागल्यात."