हवेचा ताका

दंगल नाना फोनवर हातांनी बोलतो. तोंडानेही बोलतो, आणि तेही इतक्या मोठ्याने की सुरतेच्या पांडेसऱ्यातला आवाज फोनशिवाय शिरपूरला पोहोचावा. पण मुख्य बोलणे हातांचे. फोन कान आणि खांद्यात दाबायचा, दोन्ही हात मोकळे करायचे आणि पलीकडच्याला न दिसणाऱ्या खुणा करत राहायचे. वर त्या कळल्या नाहीत म्हणून त्यालाच शिव्या घालायच्या.

दोष त्याचा नाही, यंत्रमागांचा आहे. मिसरूडही फुटले नव्हते तेव्हा मी खानदेशातून सुरतेला आलो, तो नानाच्या शेजारच्या मागांवर. त्या खडखडाटात स्वतःचा खोकला ऐकू येत नसे. सगळा कारखाना खुणांनी बोलायचा. अंगठा ओठाला लावला की चहा आला. मिशीवरून बोट फिरले की शेठ आला. आणि जोडलेली दोन बोटे विलग केली की धागा तुटला: मी गाठ मारतो, तोवर माझी बाकीची मशीनं बघ. शेजारच्याने काही न विचारता हात छातीवर ठेवायचा. म्हणजे, बघतो.

मी ती खूण दिवसभर करायचो. नानाने मला ती कधीच केली नाही. त्याचा धागा तुटला की तो एका डोळ्याने गाठ मारायचा, दुसऱ्याने बाकीची मशीनं बघायचा, आणि वरून माझीही.

आता माझे मोबाइलचे दुकान आहे. कोणाच्या बापाच्या जिवावर उभे केलेले नाही. गाळामालकाशी भांडलो, एजंटांशी भांडलो, तेव्हा उभे राहिले. आमच्या सोसायट्यांतले कोणी दुबईला निघो की सिंगापूरला, परदेशात चालणारा नेटचा पॅक माझ्याकडूनच टाकून घेतो.

नानाचा मुलगा कैलास कॅनडात आहे. त्याला मुलगा झाला आणि नानाला सहा महिन्यांसाठी बोलावणे आले. मी एजंटाशी घसा बसेपर्यंत घासाघीस करून त्याच्यासाठी पॅक ठरवला. नाना दुकानात आला आणि म्हणाला, "जे दिखस नही, त्याना पैसा कसाना?"

जे दिसत नाही त्याचे पैसे कशाचे, हा त्याचा सगळ्या जगाला एकच सवाल. विमावाल्याला हाच, आणि ताप तपासणाऱ्या डॉक्टरलाही हाच. मी समजावले, तर म्हणाला, "बरं, पूर्ण ताका नको. दोन मीटर फाडून दे."

हवा म्हणजे कापडाचा ताका नव्हे, ती फाडता येत नाही, असे मी म्हणालो. तेव्हा गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात तो म्हणाला, "सुपड्या, तू शेठ झाला. आता घरच्यालाच कापतो." आणि पॅक न घेताच निघून गेला.

मी कांद्याच्या भावावरून हातगाडीवाल्याशी भांडतो आणि गाडी गल्लीबाहेर जायच्या आत विसरतो. हे विसरलो नाही. याचे फोन उचलायचे नाहीत, असे ठरवले.

तो कॅनडाला पोचल्याच्या चौथ्या दिवशी उचलला. इथे दिवेलागण, तिकडे सकाळ. मुलाच्या घरच्या फुकट वायफायवरून व्हिडिओ कॉल. पहिल्यांदाच नानाचे हात फोनमध्ये दिसत होते, आणि तोंड मात्र बंद. हातांचा पाळणा केला: नातू झोपलाय. भिंतीकडे बोट, मग टाइप करणारी बोटे: सून पलीकडे ऑफिसचे काम करतेय. मग ओठांवर बोट. मागून कैलासचा आवाज आलाच, "बाबा, हळू." नाना तर काही बोललाच नव्हता.

रोज असेच. तो खुणा करायचा, मी गल्ल्यावरून खुणा करायचो, गिऱ्हाइके हसायची. चहा आला का? शेठ कसा आहे? शेठ वारून कैक वर्षे झाली. मी मिशीवरून बोट फिरवून आकाशाकडे दाखवले, तर नाना आवाज न करता पोट धरून हसला. राग माझ्या जागी होता, पण कारखान्यातला तो पिवळा उजेड आणि अंगाला चिकटलेले धाग्यांचे तंतू आठवायची आणि माझे हात आपसूक चालायचे.

एकदा मात्र मी वैतागलो. "नाना, बाहेर जाऊन मोकळं बोल की!"

त्याने दाराकडे बोट दाखवले आणि मूठ मिटली. वायफायची हवा तिथे संपते.

माझे डोके फिरले. दंगल नावाचा माणूस फुकटच्या हवेपायी मुका होऊन घरात बसलाय! एजंटाला फोन लावला, शिव्या दिल्या, भाव पाडला आणि नानाच्या नंबरवर अख्खा पॅक टाकून दिला. त्याला सांगितले, "उद्या मैदानात जा. आपल्या गल्लीला ऐकू जाईल असं बोल." त्याच्या त्या 'कापतो'वर माझे उत्तरही तयार होते. दुकान भरलेले असतानाच ऐकवणार होतो.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मी स्पीकर लावला आणि गिऱ्हाइकांना कान सांभाळायला सांगितले. नाना एका बाकावर बसला होता. मागे हिरवेगार मैदान, लांबपर्यंत चिटपाखरू नाही. ओरडायला याहून चांगली जागा पृथ्वीवर नसेल.

"सुपड्या," तो म्हणाला. इतके हळू की मी आवाज वाढवला.

त्याने फोन कशाला तरी टेकवून ठेवला. दोन्ही हात वर आणले. दोन बोटे जोडली, माझ्याकडे पाहिले आणि विलग केली. धागा तुटल्याची खूण, जी त्याने मला कधीच केली नव्हती.

गिऱ्हाइके रिचार्जसाठी खोळंबली होती. मी स्पीकर बंद केला. मी हात छातीवर ठेवला, आणि त्याची बोटे खाली येईपर्यंत काढला नाही.