नळी सरकवा

आमच्या अंगणात चिखल झाला की समजायचं, शेजारच्या इंगोले काकांच्या कादंबरीत खून पडला.

काका रोज सकाळी एका हातात पाण्याची नळी आणि दुसऱ्या हातात वाचनालयाचं पुस्तक घेऊन बागेत उभे राहतात. नळी झाडाच्या आळ्यात, डोळे रहस्यकथेत. आळं भरतं, फुटतं, पाणी कुंपणाखालून आमच्याकडे येतं आणि काकांना पत्ता नसतो. गंमत अशी की हा गृहस्थ पाटबंधारे खात्यातून रिटायर झालाय. जन्मभर कालव्याचं पाणी मोजून सोडलं, आणि घरची दोन संत्र्याची झाडं काही आवरत नाहीत. मी एकदा तसं तोंडावर बोलून दाखवलं, तर म्हणाले, "मॅडम, खात्यात असं पुस्तक कुठं होतं हातात?"

खरं तर त्या घरची व्यवस्था चोख होती. काकू व्हरांड्यात भाजी निवडत बसायच्या आणि आळं भरत आलं की हाक द्यायच्या, "अवो, नळी सरकवा." काका मान वर न करता नळी संत्र्याखालून मोगऱ्याला, मोगऱ्याखालून कढीपत्त्याला लावायचे. वाचन, बाग आणि संसार असं सगळं त्या एका हाकेवर चाललेलं. काकू लग्नाला नाहीतर माहेरी गेल्या की तेवढा आमचा चिखल.

काकांचं दुसरं वेड म्हणजे पाणी पिण्याचं. कोणाच्याही घरी गेले की पायरीवरूनच सुरू, "पैले पाणी पाजा जी, मंग बोला." तांब्या वरून धरून एका दमात रिकामा करायचे आणि "अजून हाय का?" म्हणून विचारायचे. अमरावतीच्या उन्हात सगळ्यांनाच तहान लागते, पण काकांसाठी मी वेगळा माठ भरून ठेवत असे.

होळीच्या सुमारास काकूंना धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग नुसतं बोलताना. मुलगी अकोल्याला असते, म्हणून तिथल्याच दवाखान्यात नेलं. हृदय कमजोर झालं होतं आणि छातीत पाणी साठलं होतं. काकू बऱ्याच दिवसांनी घरी आल्या त्या निम्म्या होऊन. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून द्यायला सांगितलं, आणि पायावर सूज येते का ते बघायला.

ते शेवटचं काकांनी फारच मनावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ काकूंच्या नडगीवर अंगठा दाबायचा आणि खड्डा राहतो का ते बघायचं. मग खात्री पटेना, म्हणून स्वतःच्या नडगीवर. मग दूधवाल्याच्या. एकदा मी शाळेत निघाले होते, तर फाटकात आडवे आले. "मॅडम, पाय पुढं करा जी. बिनसुजीचा पाय कसा लागते ते पाहू द्या." मी पाय पुढे केला. दुसऱ्या कोणाला दोन शब्द सुनावले असते, पण ते चपला काढून माझ्यापुढे खाली बसलेही होते.

मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? त्यांच्या फाटकाशी अवेळी ऑटो थांबला की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जायचे.

बागेला पाणी देणं चालूच होतं. काकूंना व्हरांड्यात खुर्चीवर आणून बसवत, पण हाक द्यायला दम नव्हता. त्यामुळे आमच्याकडे रोज चिखल. एके दिवशी वैतागून मीच ओरडले, "काका, नळी सरकवा!" काका दचकून गर्रकन व्हरांड्याकडे वळले. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांना मी दिसले. त्यांनी नळी सरकवली आणि ते आत गेले. त्यानंतर मी चिखल मुकाट्याने काढत राहिले.

आणि एक बदल झाला होता. काका आमच्याकडे पाणी पीत नव्हते. मी तांब्या पुढे केला की "आत्ताच झालं" म्हणायचे. वऱ्हाडात दारी आलेल्यानं पाणी नाकारलं की मनाला लागतंच. मला वाटलं, माझ्या ओरडण्याचा राग धरला.

मे महिन्यात एका दुपारी ते औषधं घेऊन परतताना आमच्या पायरीवरच बसले. चेहरा पांढराफटक, ओठ फुटलेले. मी पाणी आणलं. त्यांनी तांब्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"माझं आजचं झालं," म्हणाले. "तिले जेवढं, तेवढंच मले."

मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. तुमचं हृदय धडधाकट आहे, तुम्ही उन्हात पडलात तर काकूंकडे कोण बघणार, निदान माझ्याकडे येऊन तरी प्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते बराबर हाय जी. पन ती माठाकडं पाहत राह्यते, मॅडम. मंग माह्या घशाखाली घोट उतरत नाई."

माझ्या धाकानं दोन घोट घेतले आणि काकूंना सांगायचं नाही म्हणून बजावलं. मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. काकूंना नवल वाटलं नाही. "माईत हाय," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "ओठ पाह्यले मी त्याईचे. बोलाले... दम येऊ द्या... मंग पाह्यतो त्याईले."

पुढे तपासणीला अकोल्याला जाऊन आले. सूज उतरली होती, डॉक्टरांनी बाटली थोडी मोठी केली. तरी काकांचा अंगठा काही थांबला नाही.

परवा सकाळी मी कपडे वाळत घालत होते. संत्र्याचं आळं भरून वाहायला लागलं होतं. एवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला, बारीकच, पण न तुटता.

"अवो, नळी सरकवा."

काका हलले नाहीत. पाणी माझ्या पायाशी आलं. मी कुंपणाशी जाऊन म्हटलं, "काका, काकू हाक मारतायत."

"आयकू आलं मले," ते पुस्तकातून मान वर न काढता हळूच म्हणाले. "अजून एकडाव म्हनू द्या तिले."

"अवो, आयकू येते का नाई? नळी सरकवा म्हनलं ना! अन् मॅडमकडं जाऊन पाणी प्या पैले!"

एवढं सगळं एका दमात. काकांनी नळी मोगऱ्याला लावली. पुस्तक मिटून काखेत धरलं, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि माझ्या पायरीशी येऊन उभे राहिले.

"पाजा जी," म्हणाले.