डाव्या आसनावरील आवाजाची हकीकत

श्री. ज्याने माणसास कान दोन दिले आणि दोहोंचा धनी एकच ठेविला, त्यास नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एक राज्य होते, त्याचे नाव लिहीत नाही. चार दरवाजांचे, पाच आसनांचे, लोक त्यास मोटार म्हणत. उजव्या आसनी चक्र धरून भानुदासराव बसत आणि डाव्या आसनी त्यांचे कुटुंब कालिंदीबाई बसत आणि गुणगुणत आणि मध्येच रावांस रस्त्याचे हुकूम करीत. मग श्रावण मासी बाईंस ज्वर आला आणि

(येथे कागद फाटला आहे.)

आणि डावे आसन रिकामे जाले. मागे एका प्रवासात त्यांची कन्या मृण्मयी हिने मागे बसून बाईंचा आवाज फोनात धरिला होता, तेवढाच उरला. रावांनी मनी आणिले की तो आवाज आपल्या जागी पुन्हा बसवावा. मग मोटारीत स्पीकर बसविणारा नामांकित दिलावर मिस्त्री, त्यास पाचारण केले. त्याने डाव्या दरवाजात मोठा स्पीकर बसविला, तो बाई गुडघ्यापाशी बोलू लागल्या. राव कष्टी होऊन म्हणाले, "हिला पायाशी कुठं बसवलीस रे?" मग पुढील काचेच्या कडेस जो खांब असतो, त्यावर बारीक स्पीकर चढविला, तो बाई काचेपलीकडे बॉनेटावर उभ्या ऐशा भासल्या. मिस्त्री खूश जाला. "राव, गाणारा समोर उभा राहिला पाहिजे, तो राहिला! यासाठी गिऱ्हाइकं माझ्याकडं हेलपाटे घालतात."

"ती उन्हात उभी आहे," राव म्हणाले. "आत घे तिला."

मिस्त्री हसू लागला होता, तो थांबला. मग डाव्या आसनी डोके टेकावयाची उशी असते, तीत एक स्पीकर शिवला आणि बाकीचे मुके केले. "अहो, हळू. पुढं ट्रक आहे," बाई शेजारी बोलिल्या. राव चक्रावर कपाळ टेकून राहिले. मिस्त्री हळूच म्हणाला, "पण तिथं कुणी टेकून बसलं, की आवाज दबणार."

"कोण बसणार आहे?"

मृण्मयी बसली. सकाळी दरवाजा उघडून बसली, पट्टा लाविला, मान मागे टेकिली आणि डोळे मिटले, आणि आवाज तिच्या केसांत बुडाला.

"मागं बस. दबतोय."

"बाबा, मानेला लागतोय तिचा आवाज. थोडा वेळ बसू द्या ना."

"मागं बस म्हटलं ना!"

मग ती मागे गेली. वळणावर ती ओरडली, "बाबा, हळू, सायकलवाला!" रावांस ऐकू गेले नाही, बाई गुणगुणत होत्या. सायकलवाला म्हातारा चरात उतरून वाचला आणि शिव्या देत राहिला. पुढे रस्ता मोकळा लागला आणि बाई बोलिल्या, "अहो, हळू. पुढं ट्रक आहे." रावांनी तत्काळ वेग आवरला. ट्रक नव्हता.

मृण्मयी म्हणाली, "मला एस.टी. स्टँडवर सोडा."

"बरं बरं, हळूच घेतो," राव म्हणाले. ते डावीकडे पाहून म्हणाले.

एवंच आवाजास जागा सापडली. पुढे सिग्नलास मोटार थांबली, तेव्हा कन्या उतरून गेली. मागील दरवाजा लागल्याचा आवाज मोठा जाला, तो रावांस कळला नाही. उरली शाई राखून ठेविली आहे.