जुन्या फोमातला जीव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे थंड्याच्या रिकाम्या बाटलीला भोकं पाडणं. मी दाभण गॅसवर तापवत होतो, माझी बायको यमुना टोचत होती.

"अवो, नीट लाल होऊ द्या. विडी पेटवून राह्यले का तुमी?"

ती बाटली म्हणजे माशांच्या टाकीचा नवा फिल्टर; जुनी बाटली चिरली होती. लेक नोकरीला पुण्याला गेली. तिची काचेची टाकी अन् लाल मासे आमच्याकडं राहिले. दुकानचा फिल्टर यमुनेला पटला नाही. तिनं स्वतःच केला. बाटलीत खाली धुतलेले खडे, वर फोम, मधून हवेच्या पंपाची नळी. बुडबुडे वर गेले की पाणी फोमातून ओढलं जातं, घाण तिथंच अडकते. अन् फोम कुठला? माझ्या गाडीच्या सीटचा! तेव्हापासून देऊळघाटाहून बुलडाण्याला बाजाराला जायचं म्हणजे सारा रस्ता पत्रा टोचतो.

"माह्या बुडाचा काही विचार?"

"तुमाले बोंबलता तरी येते. त्याईले येते का?"

फोम नळाखाली धुवायचा नाही, ही तिची सक्त ताकीद. टाकीतलंच जुनं पाणी बादलीत घ्यायचं, त्यात हळूच पिळायचा. "त्या घाणीत जीव हाय. तोच पाणी सांभाळते." काळं पाणी परसातल्या वांग्याला.

अन् रोज सकाळी खुर्ची ओढून माशांना खबर सांगायची. कोणाची म्हैस व्याली, मी चष्मा कुठं विसरलो.

एकदा मी चिडलो. "काय व बोलतं माशाईसंगं?"

"तुमी तं हूं म्हणता अन् टीव्हीकडं पाहता. हे तोंड हालवते तरी."

त्या शेवटच्या संध्याकाळी नव्या बाटलीची भोकं पाडून झाली. "आता जुनाच फोम नव्या बाटलीत घालू. सकाळी लावू, घाई नाही," म्हणाली अन् झोपली. पहाटे उठलीच नाही.

तिला अग्नी देऊन घरी आलो, तर बाया रीतीप्रमाणं घरातलं साठवलेलं पाणी फेकत होत्या. माठ पालथा, हंडे पालथे. माझी बहीण बादली घेऊन टाकीपाशी उभी.

"भाऊ, मासे डब्यात काढते. मयताच्या घरातलं पाणी ठेवत नाही. तो फोमबी घासून टाकते नळाखाली."

"हात लावू नको."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे. हे पाणी तिनं जगवलं. हे फेकायचं नाही."

बहिणीनं बादली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतलं पाणी बादलीत घेतलं. जुना फोम हळूच पिळला, नव्या बाटलीत बसवला. पंप लावला. बुडबुडे आले. काळं पाणी वांग्याला घातलं. मग खुर्ची ओढून बसलो. मला काही बोलता येत नाही. तरी काल घरी कोण कोण आलं होतं, ते माशांना सांगितलं.