झाजींची मैथिली

बेशुद्ध पेशंटची नाडी बघण्याआधी डॉक्टर झा त्याची परवानगी घेत, आणि तीही मैथिलीत. "अहाँ केहन छी? कनी हाथ दिअ," म्हणजे "कसे आहात? जरा हात द्या," असं हळूच म्हणायचे, मग उत्तर येईल एवढा वेळ थांबायचे. मी त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, मूळची पुण्याची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. एकदा मात्र झाजी तसे थांबलेले असताना पलंगावरच्या माणसाची बोटं खरोखर हलली. तेव्हापासून मी हसले नाही.

आयर्लंडमधल्या आमच्या लेटरकेनीत गाडीशिवाय पान हलत नाही. माझी गाडी येईपर्यंत झाजींनी मला रोज सोबत नेलं. आम्ही हिंदीत बोलायचो. "मैथिली म्हणजे हिंदीचीच बोली ना?" असं मी एकदा सहज विचारलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, "केतकीजी, भाषा आहे. बोली नाही." मग पाऊण तास आम्ही तिथेच. मैथिलीत नुसतं क्रियापद ऐकून कळतं म्हणे, की बोलणारा कुणाशी बोलतोय आणि ज्याच्याविषयी बोलतोय तो मानाचा की घरचा.

ते स्वतः सगळ्यांनाच मान द्यायचे. लिफ्ट येत नसली की दारापाशी वाकून "आउ, आउ" म्हणायचे. लिफ्ट यायची. आमची नर्स शोना त्यांना इथल्या पद्धतीने 'युअर मॅन', म्हणजे 'तो गृहस्थ', म्हणायची. "युअर मॅन लिफ्टशी बोलतो, आणि ती ऐकते. मला नाही आवडत ते."

घरी मात्र त्यांचं ऐकणारं कुणी नव्हतं. बायको इंदूरची, हिंदी बोलणारी. मुलांशी मैथिलीत बोललं की इथल्या, डोनेगॉलच्या इंग्लिशमध्ये उत्तर यायचं, "वी आर ग्रँड, डॅड," म्हणजे मजेत आहोत. रोज सकाळी दरभंग्याला आईला फोन व्हायचा. त्या हिवाळ्यात आई गेली आणि फोन थांबला.

त्याच सुमारास ब्रीद आली. समुद्राकाठच्या, आयरिश बोलणाऱ्या गावातली म्हातारी. अर्धांगाच्या झटक्यात तिचं इंग्लिश पार पुसलं गेलं होतं, आयरिश तेवढं उरलेलं. वॉर्डात कुणालाच ते धड येत नव्हतं. झाजी मैथिलीत बोलू लागले आणि ती आयरिशमध्ये उत्तर देऊ लागली. मी तिच्या हाताला व्यायाम देत असायची, म्हणून हे रोज पाहिलं. ती विचारायची, ते सांगायचे. ती हसायची तिथे हसण्यासारखंच काहीतरी असावं, कारण झाजीही हसायचे. खिडकीबाहेर दुपारीच अंधारून आलेलं असायचं. ती उत्तर देताना झाजींकडे बघत नसे. त्यांच्या खांद्यामागे, जरा खाली बघायची. मी मागे वळून पाहायची, तर नुसती भिंत.

"त्यांना काय कळतं, झाजी?" मी विचारलं.

"सगळं."

"आणि तुम्हाला?"

"निम्मं," ते अगदी साधेपणाने म्हणाले.

वसंतात ब्रीदचं इंग्लिश परत आलं. आधी 'वॉटर', मग मुलीचं नाव, मग सगळंच. घरी जायच्या दिवशी दुपारी ती कोट घालून खुर्चीत बसली होती, मुलगी गाडी आणायला गेली होती. झाजी आले आणि सवयीने मैथिलीत काहीतरी म्हणाले. ब्रीद ओशाळून हसली.

"माफ करा डॉक्टर, आज मला काहीच कळत नाही." मग त्यांच्या मागे बघून म्हणाली, "ती बाई नाही आली आज?"

"कोण बाई?"

"तुमच्यामागे उभी असायची ती. ठेंगणी, डोक्यावरून शाल घेतलेली. तुम्ही काय म्हणता ते तीच मला सांगायची. तुम्हाला काहीतरी म्हणायची... आमच्या 'बुअखिल'सारखं. म्हणजे मुलगा."

"बौआ," झाजी म्हणाले.

"हां, तेच. सारखी म्हणायची, याला बसायला सांगा, सकाळपासून उभा आहे. मी सांगायचेसुद्धा. तुम्ही कधी बसला नाहीत."

झाजींनी तिची नाडी पाहिली, औषधं समजावली, मुलगी आल्यावर दारापर्यंत पोचवायला गेले.

परत आले तेव्हा मी रिकाम्या पलंगापाशी उभी होते. "मेंदूला इजा झाली की माणसं दिसतात," ते म्हणाले. "पुस्तकात आहे." मग ते त्या भिंतीकडे वळले. "आता माझ्याशी अरेतुरे करणारं कुणीच नाही, केतकीजी. तुमच्यात आई मुलाला 'बस' कसं म्हणते?"

"बसा ना, झाजी," मी खुर्ची पुढे केली.

"असं नाही. आई म्हणते तसं."

ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. जीभ उचलेना. मग मी म्हटलं, "बैस रे."

ते बसले. हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून, शाळेतल्या मुलासारखे. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. आतून त्यांचा आवाज येत होता, हळू, मैथिलीतला. मधेमधे ते थांबत होते.